वर्षभर डोंगर... आणि थोडा बर्फ!

कोल्हापूरकर पाऊस मिलिमीटरमध्ये मोजत नाहीत, फुटांत मोजतात. जुलैत इथं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, 'राजाराम बंधारा किती?' ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आणि त्याच्याही पुढं गेलं की व्हीनस कॉर्नरच्या आसपास राहणारी आमच्यासारखी माणसं फ्रीज विटांवर चढवायला घेतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा आमच्या हॉलमध्ये पाणी. सोफा गेला, माझ्या कॉलेजच्या नोट्स गेल्या, बाबांचा कॅसेट्सचा खजिना गेला. तेव्हापासून आमच्या घरात पाऊस या विषयावर कुणी रोमँटिक आवाजात बोलत नाही.

मग अशा घरातली मुलगी वर्षभर डोंगरात कशाला गेली? फिटनेस म्हणून, असं मी ऑफिसवाल्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. जे पाणी न विचारता दोनदा घरात येऊन गेलं, ते येतं कुठून, ते मला एकदा चालत जाऊन बघायचं होतं!

पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला संगम. शाळेत घोकलेलं असतंच. पण यातली एकही नदी उगमापाशी पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत नव्हता. आम्ही पाच जण जमलो. एक बँकवाली, एक शिरोली एमआयडीसीतला फौंड्रीवाला, एक डेंटिस्ट, एक आर्किटेक्ट आणि मी. नियम एकच : महिन्याला किमान एक डोंगर. जो टांग मारेल तो बाकीच्यांना मिसळ खिलवेल. (डेंटिस्टनं वर्षभरात इतक्या मिसळी खिलवल्या, की तेवढ्या पैशांत त्याचा हिमालय झाला असता.)

चिखलाचा महामार्ग

सुरुवात जुलैत. आणि जुलै म्हटलं की कोल्हापुरात दुसरा ट्रेक असूच शकत नाही. पन्हाळा ते पावनखिंड!

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. चार महिने सिद्दी जौहरचा वेढा, १२ जुलै १६६०ची रात्र, पालखीत बसून शत्रूला सामोरा गेलेला शिवा काशीद, घोडखिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे. ती वाट आजही दरवर्षी हजारो पोरंपोरी चालतात. सुमारे ५० किलोमीटर, दोन दिवस. पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरायचं, तुरुकवाडी करत मसाई पठारावर चढायचं, मग कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी... वाड्यांमागून वाड्या. पन्हाळा २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, ते झकासच झालं. पण या वाटेला ग्लॅमर त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता खरं सांगायचं, तर पहिल्या दिवशी मला इतिहास आठवलाच नाही. दिसत होता तो फक्त पुढच्याचा बूट. मसाईवर धुकं असं, की दहा पावलांवरची बँकवाली गायब. पाऊस आडवा. रेनकोट तासाभरात हरला. भाताच्या खाचरांच्या बांधावरून चालताना आर्किटेक्ट तीन वेळा खाचरात बसला, आणि तिसऱ्यांदा उठायच्या ऐवजी म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढं, मी इथंच उगवतो.' पायाला जळवा लागतात ते कळतसुद्धा नाही. संध्याकाळी मोजा काढला की लाल! स्थानिक बायका डोक्यावर इरलं घेऊन वाकून रोप लावत होत्या. आमच्याकडं बघून हसत होत्या. बरोबर होतं त्यांचं. घरदार असून पैसे देऊन भिजायला आलेली माणसं आम्ही.

रात्री एका वाडीत मुक्काम होता. त्याच्या अलीकडे एका धनगरवाड्यावर थांबलो होतो. एका मावशींनी चुलीपुढं जागा करून दिली, बिनदुधाचा गूळ घातलेला चहा दिला. ओल्या बुटांची वाफ निघत होती. त्यांचा एक मुलगा मुंबईला, एक कोल्हापुरात मार्केट यार्डात. घरात त्या, त्यांचे मालक आणि शेरडं. मी शहाणपणानं म्हणाले, 'मावशी, तुमच्याकडं पाण्याला काय तोटा नाही बघा!' त्यांनी चुलीत एक लाकूड सरकवलं आणि म्हणाल्या, 'मे महिन्यात ये पोरी.'

दुसऱ्या दिवशी पांढरपाणी ओलांडून खिंडीत पोचलो. गर्दी होती, घोषणा होत्या, सेल्फीही होत्या. तिथं खाली ओढ्यात उतरलं की दोन्ही बाजूंनी कातळ अंगावर येतो आणि मधून पाणी धडधडत सुटतं. फौंड्रीवाला मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवून ओरडला, 'अगं, हीच कासारी!' खरंच. जिथं बाजीप्रभू लढले त्याच खिंडीतून कासारी निघते आणि प्रयाग चिखलीला जाऊन पंचगंगा होते. मी त्या पाण्यात पाय सोडून बसले. बर्फासारखं गार. हे पाणी आता खाली माझ्या घराकडं निघालंय, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. बाहेर येऊन रेंज आली तसा आईला फोन लावला. 'बंधारा किती?' ती म्हणाली, '३६. तू ये आधी घरी.'

दगड जो पाणी पितो

सप्टेंबरात मसाईवर परत गेलो, या वेळी दिवसाउजेडी आणि कोरड्या कपड्यांत. तेच पठार ओळखू येईना! जांभळ्या रंगाची सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, तेरडा. कासला जायला ऑनलाइन बुकिंग आणि ट्रॅफिक जॅम. इथं आम्ही आणि दोन गुराखी. पठाराच्या कुशीत पांडवदरा लेणी आहेत, तीही निवांत बघितली. (हे छापून मी गर्दी वाढवतेय का? वाढवतेय. फुलांवर बसून फोटो काढू नका, एवढं तरी पाळा.)

पण त्या दिवशी डोक्यात बसला तो दगड. आपल्या या सड्यांवर वरचा थर जांभ्याचा. छिद्राछिद्रांचा, स्पंजासारखा. पाऊस पडला की हा दगड पाणी पितो. खाली चिकणमाती आणि काळा पाषाण लागला की पाणी अडतं, आडवं सरकतं आणि पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. वाड्या कुठं वसल्यात ते बघा, बहुतेक अशाच झऱ्यांच्या आसऱ्यानं. मात्र पिण्यालाही मर्यादा असते. जांभा भरला की वरून पडेल तेवढं सगळं सरळ दरीत. आणखी एक भानगड अशी, की याच जांभ्यात बॉक्साइट असतं, आणि राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवरून ते काढलंही गेलंय. ॲल्युमिनियम आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, तेव्हा फार मोठ्या आवाजात बोलायची सोय नाही. पण सड्याचं टोपरं काढलं की खालच्या झऱ्याचं काय होणार, हे कळायला जिऑलॉजी शिकायची गरज नाही.

ऑक्टोबरात गगनबावडा. आमच्या जिल्ह्याची गंमत इथं कळते. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळला जेमतेम ५००. तरी महापुरात सगळ्यात जास्त हाल शिरोळचेच, कारण पंचगंगा कृष्णेला तिकडेच नृसिंहवाडीला मिळते! गगनगडावर उभं राहिलं की एका हाताला करूळ आणि भुईबावडा घाट कोकणात कोसळताना दिसतात. या धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब लगेच अरबी समुद्रात. दोन हात पूर्वेला पडला, तर कुंभी, पंचगंगा, कृष्णा असा अख्खा देश आडवा चालून बंगालच्या उपसागरात. आर्किटेक्ट बाटलीतलं पाणी थोडं इकडं, थोडं तिकडं ओतून म्हणाला, 'घ्या, दोन्ही समुद्रांना पाजलं.'

नोव्हेंबरात रांगणा. पाटगाववरून, 'मधाचं गाव' म्हणून ज्याची आता ओळख झालीय तेच. (इथली वेदगंगा पंचगंगेला मिळत नाही, म्हणजे माझ्या हिशेबाबाहेरची. पण रांगणा सोडायचा कसा?) डिसेंबरात दाजीपूर. राधानगरी अभयारण्य हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं, १९५८पासूनचं, आणि २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालेलं. सावराई सड्यावर गवा दिसला. एकटा, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आमच्याकडं बघितलं, आम्ही श्वास घ्यायचं विसरलो. भोगावती याच जंगलातली. राजर्षी शाहू महाराजांनी तिच्यावर धरण बांधायला घेतलं, त्याचे स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात उघडले की आमच्या घरी फोनाफोनी सुरू होते. डिसेंबरात मात्र तलाव आरशासारखा पडून होता. तुळशीसाठी धामोडला एक रविवार संध्याकाळ, एवढंच. भजी छान मिळाली.

एव्हाना पाचाचे तीन झालो होतो. डेंटिस्टचा विषय संपलेला. आर्किटेक्टला पुण्यात नोकरी लागली. तो जाताना म्हणाला, 'तिथून सह्याद्री जवळच आहे.' आम्ही काही बोललो नाही.

कोल्हापुरी माणूस, पांढरा रस्सा आणि पांढरा बर्फ

जानेवारीत केदारकंठा. उत्तराखंडात, डेहराडूनहून जीपनं दिवसभर गेलं की सांक्री गाव लागतं, तिथून वर. शिखर सुमारे १२,५०० फूट. हिवाळी ट्रेक म्हणून महाराष्ट्रातल्या पोरांत हे इतकं हिट आहे, की पहिल्या कॅम्पवर तीन तंबूंतून मराठी ऐकू आलं आणि चौथ्यात कुणीतरी भडंग फोडत होतं. आमच्या कस्तुरी सावेकरनं १४ मे २०२२ला एव्हरेस्ट सर केलं, त्याआधीच्या वर्षी खराब हवामानामुळं तिला परत यावं लागलं होतं. तेव्हापासून कोल्हापुरात 'बर्फात जाणार' म्हटलं की घरचे निदान वेड्यात काढत नाहीत.

बर्फाबद्दल पहिली गोष्ट : तो आवाज खातो. पावनखिंडीच्या वाटेवर सतत धो-धो. इथं जुडा का तालाबपाशी रात्री तंबूबाहेर आले, तर स्वतःच्या जॅकेटची खसखस तेवढी ऐकू येत होती. तळं गोठलेलं. बाटलीतलं पाणीही गोठू नये म्हणून ती झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं. बँकवालीनं तर फोन, बाटली आणि कॅमेऱ्याची बॅटरी, तिन्ही पोटाशी धरून रात्र काढली.

दुसरी गोष्ट : चालणं नव्यानं शिकावं लागतं. आपल्या चिखलात टाच रोवून उतरायची सवय. मळलेल्या वाटेवरचा बर्फ शेकडो बुटांनी दाबून काचेसारखा झालेला असतो, तिथं बुटाला दातेरी साखळ्या बांधतात, त्या मायक्रोस्पाइक्स. पोटरीला गेटर्स, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घालायचे मोजेवजा पट्टे. पण वाट सोडून ताज्या बर्फात पाऊल टाकलं की मांडीपर्यंत आत! तिथं लागतात स्नोशू. आमच्या गाइडकडं एक जोडी होती, कुणी परदेशी पाहुणा जाताना देऊन गेलेला. दिसायला बॅडमिंटनची रॅकेट पायाला बांधल्यासारखी. फंडा सोपा आहे : वजन मोठ्या जागेवर पसरलं की पाय रुतत नाही. चिखलात फळी टाकून चालतो तेच. गाइडनं एका मोकळ्या कुरणात आम्हाला पाळीपाळीनं चालायला दिलं. पहिली दहा पावलं मी बदकासारखी. मग सूर सापडला. पाय जरा फाकवून, गुडघा उचलून, घाई न करता. अख्ख्या कुरणात आधी कुणाचंच पाऊल नव्हतं. फौंड्रीवाल्याची पाळी आली तेव्हा तो इतका लांब गेला, की गाइडला शिट्टी मारावी लागली.

शिखरावर पहाटे तीनला निघून सूर्योदयाला पोचलो. चहूकडं हिमशिखरं, वगैरे. फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळं वर्णन करत नाही. माझ्या लक्षात राहिलं ते उतरतानाचं गाइडचं बोलणं. मी म्हणाले, बर्फ केवढा आहे! तर म्हणाला, 'दीदी, ये कम है. अब देर से गिरता है.' मग त्यानं समजावून सांगितलं. सांक्रीच्या सफरचंदाच्या बागांना थंडीचे ठरावीक तास लागतात, नाही मिळाले तर मोहोर धड येत नाही. आणि डोंगरावर साठलेला बर्फ मार्च-एप्रिलपासून हळूहळू वितळतो, झऱ्यांना मुरतो, सुपीन नदीत उतरतो, तिथून टोन्स, तिथून यमुना. बर्फ म्हणजे त्यांची टाकी. ती भरली नाही, की उन्हाळ्यात हाल. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गसुद्धा कोरडं पडलं होतं, हे मी बातमी म्हणून वाचलं होतं. इथं ते एका माणसाच्या बागेबद्दल होतं.

मी त्याला मोबाइलवर २०२१चा आमच्या हॉलचा फोटो दाखवला. टीव्हीच्या स्टँडपर्यंत पाणी. तो बराच वेळ बघत राहिला. 'आपके यहाँ पानी रुकता नहीं?'

मे महिन्यात ये, पोरी

फेब्रुवारी-मार्चमध्ये जोतिबा, पन्हाळा, पुन्हा जोतिबा. ऊन वाढलं तसे आम्ही पहाटे पाचला निघायला लागलो. एप्रिल भुदरगडावर काढला. आणि मे महिन्यात, सांगितल्याप्रमाणं, धनगरवाड्यावर गेलो.

वाट तीच, पण ओळखीची एकही खूण नाही. जुलैतले सगळे ओढे म्हणजे नुसते दगड. पठार तांबडंलाल, तापलेलं, आणि बुटाखाली कुरकुरणारं वाळकं गवत. वाड्यावर पोचलो तेव्हा मावशी घरी नव्हत्या. पाण्याला गेल्या होत्या.

दारात नळ आहे. मे महिन्यात त्याला पाणी नाही. वरचा झरा मार्चमध्ये आटतो, मग खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात खणलेला झिरा. वाटीनं घागर भरायची. घागर भरायला बसावं लागतं, कारण पाणी पाझरेल तसं घ्यायचं. जाऊन येऊन पाऊण तासाची एक खेप, चढ परतीला. आम्ही तिघांनी एकेक कळशी आणली. वर्षभर चाललेले, १२,५०० फुटांवर जाऊन आलेले आमचे पाय त्या चढावर लटपटले. मावशी डोक्यावर दोन भांडी घेऊन पुढं चालत होत्या आणि मागं वळून बोलतही होत्या.

मी त्यांना बर्फाचे फोटो दाखवले. त्यांनी स्क्रीनवर बोट फिरवलं.

'ह्ये सगळं पाणीच?'

'हो मावशी. गोठलेलं. उन्हाळ्यात हळूहळू खाली येतं.'

'तवर तिथंच ऱ्हातंय?'

'तिथंच.'

'आमचं एका दमात पळतंय बघ,' त्या म्हणाल्या. 'घटकाभर थांब म्हटलं तर थांबत न्हाई. तुमच्याकडंच येतंय न्हवं?'

आमच्याकडंच येतं. आमच्या हॉलमध्ये. त्यांच्या दारावरून जुलैत पळालेलं पाणी आम्हाला नको असताना येतं, आणि मे महिन्यात त्या वाटीनं घागर भरतात.

फौंड्रीवाला त्या दिवसापासून जरा पिसाटलाय. त्यानं सिक्कीमचं वाचून काढलं. तिथं २००८पासून 'धारा विकास' नावाचा कार्यक्रम आहे : झऱ्याला पाणी नेमकं डोंगराच्या कुठल्या भागातून येतं ते शोधायचं, आणि तिथं चर-खड्डे खणून पाऊस मुरवायचा. आटलेले झरे काही ठिकाणी परत वाहायला लागले. पुण्यातली ॲक्वाडॅम ही संस्था भूजलाच्या अशाच अभ्यासात आहे. आमच्या वाड्यावर काय जमेल, जांभ्यावर चर चालतात की नाही, हे जाणकार माणसालाच विचारावं लागेल. एका झऱ्यानं पंचगंगेचा पूर उतरणार नाही, हे आम्हाला कळतं. पण मावशींची मार्चमधली खेप मेपर्यंत पुढं ढकलता आली तरी पुष्कळ झालं. तूर्त त्यानं झऱ्याची धार बादली आणि स्टॉपवॉच लावून मोजायला मावशींच्या नातवाला शिकवलंय. दर रविवारी सकाळी आकडा व्हॉट्सॲपवर येतो. रेंज असली तर.

जाणार असाल तर...

पन्हाळा-पावनखिंड पहिल्यांदा करताना अनुभवी ग्रुपबरोबरच जा. धुक्यात वाट चुकते आणि ओढे तासात चढतात. बूट महागडे नकोत, रबरी सोलचे ट्रेकिंगचे साधे बूट चिखलात उत्तम. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आधी रंकाळ्याला चार फेऱ्या मारा. बॅगेत प्लास्टिकची मोठी पिशवी आणि कोरडे मोजे दोन जोड. जळवांना मीठ किंवा हळद. दाजीपूरला वन विभागाची परवानगी लागते आणि पावसाळ्यात जंगल बंद असतं, तेव्हा चौकशी करून निघा. हिमालयासाठी तीन महिने आधी पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ आठवड्यातून दोनदा, पाठीवर वजन घेऊन. गेटर्स आणि स्पाइक्स तिथं भाड्यानं मिळतात. उन्हाळ्यात सड्यावर जाणार असाल तर माणशी किमान तीन लिटर पाणी घरून न्या. वाड्यावर मागितलं तर कुणी नाही म्हणणार नाही, पण ते कुठून आणलंय ते आता तुम्हाला माहीत आहे. चहा-भाकरीचे पैसे विचारून द्या. घेत नसतील तर चहापत्ती आणि गूळ न्या, मावशी तो घेतात.